नोंदीत नसलेलं पदक : नळदुर्ग, १३ सप्टेंबर १९४८

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात, ओसरीवर बसून, एका माजी सैनिकाने मला दोन वस्तू दाखवल्या. एक त्यांचं डिस्चार्ज बुक, कोपरे झिजलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. दुसरा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पुस्तकात पदकांच्या रकान्यात एकच नोंद होती : सैन्य सेवा मेडल. डब्यात मात्र तीन पदकं निघाली. जास्तीची दोन म्हणजे पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही १९७१ च्या युद्धाची. आजोबा म्हणाले, "पोरी, तू पीएच.डी. करतीस ना? मग सांग, डब्यातलं खरं का पुस्तकातलं?"

पेटची तयारी करताना आपण 'प्राथमिक साधनं' आणि 'दुय्यम साधनं' यांच्या व्याख्या पाठ करतो. डिस्चार्ज बुक सरकारी, शिक्क्याचं, त्या माणसाच्या नावाचं. म्हणजे प्राथमिक साधन. परीक्षेत हे उत्तर चालून जाईल. ओसरीवर चाललं नाही.

मी मूळची एम.एस्सी.वाली. प्रयोगशाळेत एक सवय लागते. प्रबंधातल्या तक्त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, आधी वही मागायची, ज्या वहीत त्या दिवशी, त्या वेळी आकडा लिहिला गेला ती. तक्ता नंतर बनतो आणि बनवताना काहीतरी गळतं. सैनिकाची सेवा-नोंद हा असा तक्ता आहे. तिची वही कुठे असते ते आधी बघू.

सैनिकाच्या आयुष्यात काहीही बदललं, म्हणजे रजा, बढती, लग्न, मूल, बदली, पदक, की त्याचं युनिट एक हुकूम काढतं. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. त्याला क्रमांक असतो, तारीख असते. तो हुकूम रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात जातो आणि तिथे त्या सैनिकाच्या कागदांत नोंद चढते. या कागदांना शीट रोल म्हणतात. माणूस सुटताना त्यातलं निवडक काही डिस्चार्ज बुकात उतरवून देतात. म्हणजे आजोबांच्या हातातलं पुस्तक ही नकलेची नक्कल. तेही ते ज्या दिवशी सुटले त्या दिवसापर्यंतची.

गोम इथेच आहे. मोहिमेची पदकं युद्ध चालू असताना कोणी छातीवर लावत नाही. युद्ध संपतं, मग सरकार पदक जाहीर करतं, पात्रतेच्या अटी ठरवतं (कुठल्या भागात, किती दिवस), मग याद्या बनतात, पदकं पाडली जातात, कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलं जातं, मग वाटप. तोवर जवान घरी येऊन ज्वारी पेरत असतो. पदक मागाहून मिळतं, पुस्तक मात्र आधीच बंद झालेलं. आजोबांचं नेमकं हेच झालं होतं. घरच्या अडचणीमुळे पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत ते सुटून आले. त्यामुळे पेन्शनही नाही.

तेव्हा गहाळ पदक दिसलं की पहिला प्रश्न 'कोणी खाल्लं?' हा विचारू नका. पहिला प्रश्न असा : पदक जन्माला आलं कधी, आणि नोंद बंद झाली कधी? या दोन तारखा शेजारी लिहा. निम्मी प्रकरणं इथेच उलगडतात.

या प्रश्नाचं सगळ्यात टोकाचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बोरी नदीच्या काठी, नळदुर्गला.

नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. सहलीला गेलो की पाणीमहाल बघायचा, नर-मादी धबधब्यापाशी फोटो काढायचे, मैलारपूरच्या खंडोबाला जाऊन परत. सोलापूर-हैदराबाद रस्ता इथून जातो, आणि १९४८ मध्ये याच रस्त्यामुळे नळदुर्ग महत्त्वाचं ठरलं. तेव्हा सोलापूर भारतात होतं आणि नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आपल्या घरची म्हातारी माणसं अजून ज्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात ती कारवाई, लष्करी नाव ऑपरेशन पोलो, १३ सप्टेंबरला पहाटे सुरू झाली. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली. तिच्या वाटेतला पहिला अडथळा नळदुर्ग. संरक्षणाला पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती. सातव्या ब्रिगेडने बोरीवरचा पूल न उडवता शाबूत ताब्यात घेतला आणि शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने ठाण्यांवर हल्ला केला. सकाळी नऊपर्यंत चिलखती तुकडी जळकोटला आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्याला पोचली होती. दुसरी फौज पहाटे तुळजापूरला आली. तिथे हैदराबादी सैनिक आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले. पुढे लोहाऱ्याकडे जाणारी वाट नदीला पूर आल्याने अडली. सप्टेंबर महिना, आपल्याकडचा परतीचा पाऊस, दुसरं काय होणार!

या फौजेच्या पुढच्या प्लाटूनचा प्रमुख होता हवालदार बचित्तर सिंग. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातलं लोपो हे त्याचं गाव, वय ३१. पहाटे चारला नळदुर्गजवळ त्याला समोरून दोन वाहनं येताना दिसली. त्याने माणसांना गोळीबाराचा हुकूम दिला आणि स्वतः पुढे धावला. वाहनांतून गोळ्या येत असतानाही त्याने बरोबरच्या पहारेकऱ्यांना नमवून दोन्ही वाहनं ताब्यात घेतली. पुढे त्याच दिवशी एका पक्क्या ठाण्यावरून जोरदार मारा सुरू झाला आणि प्लाटून अडली. तो हल्ल्याच्या अग्रभागी होता. ठाणं तीसेक यार्डांवर असताना हलक्या मशीनगनची फैर मांडीत घुसली आणि तो पडला. पडल्यावर सरपटत पुढे जाऊन त्याने दोन हातगोळे टाकले आणि ती मशीनगन बंद पाडली. मागे नेऊ पाहणाऱ्यांना नकार दिला, माणसांना पुढे जायला सांगत राहिला. जखमांनी त्याला मरण आलं.

आता १४ सप्टेंबर १९४८ ला त्याच्या सेवा-नोंदीत शौर्यपदकाच्या रकान्यात काय लिहिता आलं असतं?

काहीच नाही. स्वतंत्र भारताची स्वतःची शौर्यपदकं तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ब्रिटिशांची मागे पडली होती, आपली यायची होती. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली. अशोक चक्र तर ४ जानेवारी १९५२ ला. बचित्तर सिंगला मरणोत्तर मिळालेलं पदक त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांहून अधिक काळ जगातच नव्हतं.

मग ते त्याला मिळालं कसं? स्थापनेच्या वेळी एक छोटं वाक्य घातलं गेलं, की ही पदकं १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानावीत. एवढ्या एका वाक्याने मधली सगळी वर्षं उघडी केली. जम्मू-काश्मीर, हैदराबाद, सगळीकडच्या कागदांवर पुन्हा नजर टाकता आली. आता त्याच्या मानपत्रातला तपशील परत वाचा : पहाटे चार, दोन वाहनं, तीस यार्ड, मांडीत गोळी, दोन हातगोळे. चार वर्षांनी आठवून कोणी असं लिहीत नाही. हे त्या दिवसांतच कोणीतरी युनिटमध्ये टिपून ठेवलं असणार, असा माझा अंदाज आहे. पदक नव्हतं तेव्हाही वही होती. ती नसती, तर मागच्या तारखेपासून लागू करण्याचा नियम असूनही रकाना कोराच राहिला असता.

त्याच दिवशी, १३ सप्टेंबरलाच, दक्षिणेकडे तुंगभद्रेच्या रेल्वे पुलावर गोरखा रायफल्सच्या नाईक नरबहादुर थापाने पल्याडच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली. त्यालाही अशोक चक्र. म्हणून 'पहिलं अशोक चक्र कोणाचं' या प्रश्नाचं उत्तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकांसारखं एका नावात देऊ नका. कारवाईची तारीख धरली तर दोघं एकाच दिवसाचे आहेत.

परमवीरच्या बाबतीतही हेच झालं, फक्त तिथे एक माणूस हे बघायला जिवंत होता. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र १९५० मध्ये. कल्पना करा, दोन वर्षं हा माणूस परमवीराच्या पराक्रमासह नोकरी करतोय आणि त्याच्या कागदात परमवीर हा शब्दच नाही.

आता थोडं किचकट, पण संशोधनात इथेच पाय घसरतो. १९५२ साली अशोक चक्राचे तीन वर्ग होते : वर्ग एक, दोन, तीन. जानेवारी १९६७ मध्ये नावं बदलली. वर्ग एक ते अशोक चक्र, वर्ग दोन ते कीर्ती चक्र, वर्ग तीन ते शौर्य चक्र. म्हणजे १९५८ सालच्या एखाद्या कागदावर 'अशोक चक्र वर्ग ३' दिसलं आणि तुम्ही गावच्या इतिहासात 'आमच्या गावाला अशोक चक्र' असं छापलंत, तर चूक तुमची. आजच्या भाषेत ते शौर्य चक्र. उलटही होतं. नातू शौर्य चक्राच्या यादीत आजोबांचं नाव शोधतो, सापडत नाही, आणि 'नोंद गहाळ' म्हणून अर्ज करतो. नोंद तिथेच असते, जुन्या नावाखाली.

आणखी एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. परमवीर, महावीर, वीर ही चक्रं शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक चक्र हे शत्रूसमोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. मशीनगनच्या ठाण्यावर हातगोळे टाकत गेलेला माणूस शत्रूसमोर नव्हता? मला लागलेला अर्थ असा : सरकारच्या लेखी हैदराबादची कारवाई युद्ध नव्हती, पोलीस ॲक्शन होती. देशाच्या आतली बाब. मग समोरच्याला 'शत्रू' कसं म्हणणार? अशा वेळी त्या शौर्याला बसणारं पदक होतं ते अशोक चक्र. म्हणजे पदकाच्या नावातच सरकारने त्या घटनेकडे कसं पाहिलं हे लिहून ठेवलेलं आहे. पराक्रमाच्या नोंदीतून राज्यसंस्थेची भूमिका वाचता येते ती अशी.

आणि भूमिकेचा विषय निघालाच आहे तर नळदुर्गच्या त्याच आठवड्यांतली दुसरी नोंदही वाचावी लागेल. रझाकारांनी आपल्या भागात जे केलं ते मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांतून आपण वाचलेलं असतं, घरीही ऐकलेलं असतं. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत सामान्य मुसलमानांवर जे हल्ले झाले, त्यांची चौकशी करायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. तिच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे दिलेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. हवालदाराचं शौर्य चार वर्षांत राजपत्रात आलं आणि याच जिल्ह्यातल्या मेलेल्या शेतकऱ्या-विणकरांची नोंद कपाटात राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि १९४८ वर काम करायचं असेल तर दोन्हींपाशी बसावं लागेल. एकीने दुसरी खोडली जात नाही.

परत आजोबांच्या डब्याकडे येते. बचित्तर सिंगचं पदक शौर्याचं, राष्ट्रपतींच्या नावाने राजपत्रात छापलेलं. त्याच्या घरचे सगळे कागद जळाले तरी राजपत्र राहणार. आजोबांची पदकं सेवेची, हजारोंना मिळालेली. जवानाचं नाव राजपत्रात येत नाही. त्यांचा आधार म्हणजे पार्ट टू ऑर्डर आणि शीट रोल. आणि शीट रोलबद्दल एक नियम सांगते, जो कळला तेव्हा मी खरंच हादरले होते. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाचे सेवा-कागद तो सुटल्यावर पंचवीस वर्षं ठेवतात. नंतर ते जाळून नष्ट करतात. सैन्याच्या नियमावलीत कलम ५९५ मध्ये तशी तरतूद आहे, आणि न्यायाधिकरणाच्या निकालांत हे वाक्य सारखं भेटतं.

अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या लष्करी माणसांच्या सुमारे ऐंशी टक्के. लंडनमध्ये सप्टेंबर १९४० च्या बॉम्बफेकीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बहुतेक फायली भस्मसात झाल्या. तरी दोन्हीकडे माणसांची पदकं शोधता येतात, कारण पदकांच्या याद्या, पगारपत्रकं, रोजचे हजेरी अहवाल वाचले होते. ब्रिटनमध्ये तर सेवा-फाइल जळालेल्या सैनिकाचं पदक-कार्ड मिळतं आणि त्यावरून लोक त्याची सेवा उलटी बांधत जातात. तिथे कागद आपत्तीत गेले, आपल्याकडे नियमाने जाळतात. पण उपाय तोच : एक कागद गेला तर त्याच घटनेने दुसऱ्या कुठल्या कपाटात खूण ठेवलीय ते शोधायचं.

आपल्याकडे अशी एक खूण जळत नाही. तिला लाँग रोल म्हणतात. प्रत्येक सैनिकाची थोडक्यात नोंद असलेलं, कायम ठेवायचं रजिस्टर. नंबर, नाव, भरती, सुटका, कारण. पदकांचा तपशील त्यात मिळेलच असं नाही, पण तो माणूस अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सैन्यात होता हे त्यातून सिद्ध होतं. मग पात्रतेच्या अटी लावा. उदाहरण देते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्या सगळ्यांना होतं. लाँग रोलवरून माणूस त्या दिवशी सेवेत दिसला आणि त्याच्या पुस्तकात ते पदक नसेल, तर त्याने काय केलं, कुठे होता, कोणी शिफारस केली यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. पश्चिमी स्टारला तेवढ्याने भागत नाही. तिथे युनिट कुठे होतं हे लागतं. आणि युनिट कुठे होतं हे युनिटच्या युद्ध-डायरीत असतं.

इथे एक गंमत बघा. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं, की युद्ध-डायऱ्या आणि तत्सम कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे. म्हणजे युनिटची डायरी उघडायची वेळ येते तेव्हाच पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद जाळायची वेळ झालेली असते. तुमच्या अभ्यासाचा विषय १९९९ च्या आसपासचा असेल तर हे आत्ता चालू आहे, उद्यावर ढकलू नका.

ऑपरेशन पोलोसाठी मात्र छापील आधार आहे. एस. एन. प्रसाद यांनी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९७२ मध्ये आला. कुठली तुकडी किती वाजता कुठे होती हे पडताळायला सुरुवात तिथून करा.

शोधाला लागलात की पहिली डोकेदुखी नावाची. नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ब्रिटिश कागदांत त्यांचं आडनाव एका अक्षराने कमी, 'जादव' असं वाचावं लागेल अशा स्पेलिंगने आहे. संगणकावर नीट स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाचं काय! मराठवाड्यात त्यात आणखी एक थर आहे. निजामाच्या राज्यात दप्तराची भाषा उर्दू. गावाचं नाव मराठीतून उर्दूत आणि तिथून इंग्रजीत गेलं की ओळखू येत नाही.

दुसरी डोकेदुखी जिल्ह्याची. समजा १९४९ साली औशाचा एक तरुण भरती झाला. त्याचा पत्ता : जिल्हा उस्मानाबाद, राज्य हैदराबाद. १९५६ नंतर तेच घर मुंबई राज्यात. १९६० नंतर महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला, घर लातुरात. आणि उस्मानाबाद आता धाराशिव. माणूस जागचा हलला नाही, पत्ते चार झाले. धाराशिव जिल्ह्याची यादी बनवताना तुम्ही हा माणूस घेणार की नाही? ठरवा, आणि काय ठरवलंत ते प्रबंधात पहिल्याच प्रकरणात लिहा. मी पहिल्या वर्षी हे लिहिलं नव्हतं, आणि प्रगती अहवालाच्या वेळी माझा आकडा दोनदा बदलला. मार्गदर्शकांसमोर काय झालं ते सांगत नाही.

म्हणून नावावर नाही, सैनिकाच्या नंबरावर शोधा. तो पदकाच्या कडेवर असतो. भिंग घ्या, सूती कापडाने हलक्या हाताने पुसा. ब्रासो अजिबात लावू नका, घासून घासून अक्षरं जातात आणि पुरावाच संपतो.

अभिलेख कार्यालय जिल्ह्याप्रमाणे नसतं, रेजिमेंटप्रमाणे असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, महारचं सागरला, शीखचं रामगढला, कुमाऊंचं रानीखेतला. कुमाऊं का सांगतेय? दुसऱ्या महायुद्धात आजोबा 'हैदराबाद रेजिमेंट'मध्ये होते असं एखाद्याने सांगितलं तर तुम्ही निजामाची फौज समजाल. एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट ही ब्रिटिश भारतीय सैन्याची होती आणि १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. निजामाची हैदराबाद इन्फन्ट्री, नळदुर्गला समोर उभी राहिलेली, ती वेगळी.

प्रत्यक्ष दुरुस्तीचा मार्ग सरळ आहे, फक्त लांब. माजी सैनिक किंवा त्याचे वारस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करतात. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत, पदकाचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक मिळाला तर सोनंच. माहिती अधिकारात स्वतःच्या नोंदीची प्रत मागता येते. नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने झालेलं. आपल्याला मुंबईचं खंडपीठ.

कार्यालयं इतके पुरावे का मागतात याचा राग येतो, मलाही आला होता. पण शेजारच्या बीड जिल्ह्याचं प्रकरण वाचा. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले भूमिगत कार्यकर्ते आणि सीमेवरच्या शिबिरांतले स्वयंसेवक यांच्याकडे कागद नसणं साहजिकच होतं, भूमिगत माणूस हजेरीपत्रक ठेवत नाही. म्हणून स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं चालत. त्या सवलतीचा फायदा घेऊन बोगस दावे झाल्याच्या तक्रारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि न्या. पालकर यांच्याकडून चौकशी झाली. २००५ चा तो निकाल शोधून वाचाच. खऱ्याला कागद नाही आणि खोट्याकडे साक्षीदार आहेत, अशी ती गुंतागुंत. त्यामुळे 'आजोबा सांगायचे' हे वाक्य अर्जात लिहू नका. मुलाखतीत लिहा, तिथे त्याची किंमत वेगळी आहे.

आजोबांच्या दोन्ही पदकांच्या कडेवर आम्ही भिंगाने वाचलं. पश्चिमी स्टारवर नंबर स्पष्ट होता, पुस्तकातल्या नंबराशी आकड्यानिशी जुळला. संग्राम मेडलवर शेवटचे दोन आकडे झिजलेले, पण नाव होतं, मधल्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगसकट. मी म्हटलं, "आजोबा, या पदकांचे पैसे वगैरे काही मिळत नाहीत बरं का." ते म्हणाले, "पैसे कोण मागतंय? मी तिथं होतो एवढं लिहा म्हणावं."

अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला. चुकीचं स्पेलिंग तसंच ठेवलं, शेजारी बरोबर स्पेलिंग दिलं. नातवाने दोन प्रती काढून आणल्या. एक सैनिक कल्याण कार्यालयात दिली, पोचपावती घेतली. दुसरी आता त्या डब्यात आहे, पदकांच्या खाली.